देव न मानणाऱ्यांची बैठक आणि देव मानणाऱ्यांशी बोलणं : नेहमी येणारे प्रश्न

आमची मानवतावाद्यांची बैठक परभणीत भरते, महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, दुपारी चार ते साडेसहा. साडेसहाला उठायचंच, कारण गावाकडची शेवटची एसटी. मराठवाड्यातून आम्हाला जे प्रश्न वारंवार येतात (फोनवर, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर सावडायला गेलो होतो तिथंसुद्धा), ते इथं एकत्र केले आहेत. भाषा विचारणाऱ्यांची जवळपास तशीच ठेवली आहे. जिथं कायद्याची बाब आहे तिथं शेवटचा शब्द आपल्या वकिलाचा.

१. मानवतावादी म्हणजे नास्तिकच ना? मग नवं नाव कशाला?

नास्तिक म्हटल्यावर एवढंच कळतं की हा माणूस देव मानत नाही. तो वागतो कसा, हे त्यात येत नाही. देव न मानणारा माणूस व्याजाने गाव बुडवणारा असू शकतो, घरी बायकोवर हात उचलणाराही असू शकतो. बरं-वाईट ठरवताना पोथीचा किंवा परलोकाचा आधार न घेता समोरच्या माणसाचं सुखदुःख आणि आपली अक्कल यांवर जो भिस्त ठेवतो, तो मानवतावादी.

आपल्याकडे या विचाराची आधुनिक मांडणी मानवेंद्रनाथ रॉय यांनी केली. १९४६ मध्ये त्यांनी बावीस सूत्रं मांडली आणि १९४८ मध्ये स्वतःचा राजकीय पक्षच विसर्जित केला, हे आजच्या पुढाऱ्यांना सांगून बघा. वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्यांच्याच वर्तुळातले. १९५२ मध्ये आम्स्टरडॅमला मानवतावाद्यांची जागतिक संघटना उभी राहिली, तिच्या स्थापनेत रॉय यांची भारतीय चळवळही होती. तेव्हा 'हे परदेशातलं खूळ' असं कुणी म्हटलं तर फार मनावर घेऊ नका. शिवाय 'मानवतावाद' हा शब्द आपल्या संविधानातच आहे. ४२व्या घटनादुरुस्तीने १९७६ मध्ये नागरिकांची मूलभूत कर्तव्यं आली, त्यातल्या कलम ५१-क (ज) मध्ये तो वैज्ञानिक दृष्टिकोनाच्या शेजारी बसला आहे.

२. मराठवाडा ही संतांची भूमी. इथं असलं काही रुजेल का?

नामदेव नरसीचे, जनाबाई गंगाखेडच्या, गोरोबा तेरचे, एकनाथ पैठणचे. हे सगळे भक्त होते. त्यांना 'खरं तर आतून नास्तिकच होते' असं ठरवणारे काही मित्र आमच्याकडे येतात, त्यांना आम्ही थांबवतो. दुसऱ्याचा विठोबा ढापून आपलं दुकान मांडायचं कारण नाही. पण या माणसांनी इथल्या लोकांना भांडायची आणि भांडून झाल्यावर एकत्र जेवायची सवय लावली, ती आपल्याही उपयोगाची आहे.

आणि उघड निरीश्वरवादीही इथं झालेत. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर देव मानत नव्हते आणि धर्मग्रंथ मात्र त्यांनी भल्याभल्या भाविकांपेक्षा बारकाईने वाचले होते. देव मानणारे लोक गर्दी करून त्यांची भाषणं ऐकायचे. बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादेत जे महाविद्यालय काढलं, त्याला पुढे नाव मिळालं मिलिंद. बौद्ध भिक्षूला राजवाड्यात बोलावून उलटसुलट प्रश्न विचारणाऱ्या ग्रीक राजाचं नाव एका कॉलेजला द्यावं, यातच सगळं आलं.

३. गट सुरू करायला किती माणसं लागतात? बसायचं कुठं?

चार. आम्ही पाच होतो, त्यातला एक पहिल्या महिन्यातच मुंबईला बदलून गेला.

जागेचं मात्र नीट बघा. कुणाच्या घरी बसलात की त्या घरच्या बाईच्या डोक्यावर पंधरा कप चहा बसतो आणि दोन महिन्यांत बैठक बंद पडते. मंदिराचा सभामंडप फुकट मिळतो, पण तिथं मोकळं बोलता येत नाही आणि मिळाला तरी घेऊ नये. ज्यांनी वर्गणी काढून तो बांधला त्यांची ती जागा आहे. वाचनालय, शिकवणीचा रविवारी रिकामा असणारा वर्ग, निवृत्त शिक्षकांच्या संघाची खोली, यांपैकी काहीतरी तालुक्याच्या गावी हमखास मिळतं. स्वतःची सतरंजी असू द्या.

४. दर वेळी 'देव आहे की नाही' यावरच वाद होतो. नवीन माणूस पुन्हा येत नाही.

आमचं पहिलं वर्ष असंच वाया गेलं. तिघं बोलायचे, बाकीचे मोबाइल बघायचे. मग एक नियम केला: हा विषय वर्षातून एकदाच, मार्गशीर्षातल्या बैठकीत. (महिना का निवडला ते विचारू नका, चिठ्ठी टाकली होती.) बाकीच्या अकरा बैठकांत प्रत्येकाने स्वतःच्या घरातली एक अडचण आणायची. सासू आजारी आहे आणि नवस बोलायला सांगते आहे. मुलीला पाळी आली की बाहेर बसवायला आजी सांगते. भावाने कर्ज काढून जागरण-गोंधळ घातला आणि हप्ता मी भरतोय. यातल्या एकाही प्रश्नाला ईश्वराच्या अस्तित्वाचा पुरावा लागत नाही. आजीशी भांडण न करता पोरीला घरात कसं घ्यायचं, यावर मात्र दोन तास पुरत नाहीत.

बोलण्यासोबत हातानं करायचं काहीतरी ठेवा. आम्ही दर उन्हाळ्यात एका वस्तीतल्या बोअरला किती पाणी राहिलंय याची दर आठवड्याला वही ठेवतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, ते ज्यांनी पाहिलं त्यांना वहीचं महत्त्व सांगावं लागत नाही. त्या वहीमुळेच मशिदीच्या कमिटीशी आणि भजनी मंडळाशी आमची ओळख झाली. आधी पाणी आणि मग धर्म, असा तो क्रम लागला.

५. बैठकीला बायका येतच नाहीत. काय करावं?

चार वाजता बैठक ठेवलीत आणि साडेचारला घरी पाहुणे आले, तर कोण उठणार? आमच्याकडे आठ पुरुष आणि 'सौं.चा निरोप' असंच दोन वर्षं चाललं. मग एका शिक्षिकेनं सुनावलं की तुमचे विषयच बाप्यांचे आहेत. तिनं एक बैठक स्वतः घेतली: विधवेनं हळदीकुंकवाला जायचं की नाही, आणि गेली तर तिला वाण कोण देणार. त्या दिवशी सतरंजी कमी पडली. हळदीकुंकवावर बंदी घालायचा सूर त्या बैठकीत कुणाचाच नव्हता. सगळ्यांना बोलवा, एवढंच म्हणणं होतं, आणि एका गल्लीत पुढच्या संक्रांतीला तसं झालंही.

ज्या बाईनं घरी देव्हारा ठेवलाय तिला 'आधी तो काढ, मग ये' असं सांगू नका. तिच्या देवाचा हिशेब मागणारे घरी आधीच पुष्कळ आहेत.

६. अंधश्रद्धा निर्मूलनवाले आहेत ना, मग तुमचं वेगळं काय?

ते बुवाबाजी उघडी पाडतात. आम्ही बहुतेक वेळा बसून बोलतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. भानामती, करणी, अघोरी उपचार अशी बाब कानावर आली की आम्ही त्यांच्याकडेच आणि पोलिसांकडे पाठवतो. आमच्यातले निम्मे त्यांचेही कार्यकर्ते आहेत.

७. नोंदणी करावी का?

पावत्या फाडायच्या नसतील तर घाई नको. करायची झाली तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात आणि सोबत महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली न्यास म्हणून नोंद होते. दोन्ही कामं एकाच कचेरीत. तिचं नाव धर्मादाय आयुक्त कार्यालय. देव न मानणाऱ्यांचा कागदही शेवटी 'धर्मा'च्याच दारात जातो, त्याला इलाज नाही.

८. धर्मगुरूंशी बोलून उपयोग काय? ते आपलं ऐकणार आहेत का?

ऐकतील म्हणून जाऊ नका. आपल्या शेजारी राहणारा माणूस जगाकडे कसा बघतो हे कळावं म्हणून जा. तुम्ही त्यांचं मत बदलायला गेलात हे त्यांना पहिल्या पाच मिनिटांत कळतं. ती त्यांची रोजची कला आहे.

एकनाथांचा 'हिंदू-तुर्क संवाद' सोळाव्या शतकातला. त्यातले दोघं एकमेकांच्या धर्माची अशी काही उणीदुणी काढतात की आज कुणी ती व्हॉट्सॲपवर टाकली तर सायंकाळी ठाण्यात बोलावणं येईल. शेवटी दोघं गळ्यात गळे घालतात. त्या पैठणमध्ये आपण हे आज करू शकू का, याची मला खात्री नाही, पण परंपरा इथलीच आहे.

दुसरं उदाहरण गोरांचं. तेरचे गोरा कुंभार नव्हेत. आंध्रातले गोपराजू रामचंद्र राव, विजयवाड्याच्या नास्तिक केंद्राचे. सेवाग्रामला जाऊन त्यांनी गांधीजींशी देवावर चर्चा केली. दोघांपैकी कुणी बदललं नाही. पण गोरांच्या मुलीचं लग्न दलित तरुणाशी ठरलं तेव्हा विधीत 'ईश्वर'च्या जागी 'सत्य' म्हणायला गांधीजी राजी झाले. लग्न लागलं ते त्यांच्या हत्येनंतर, मार्च १९४८ मध्ये, सेवाग्रामलाच.

९. पहिल्या भेटीत काय बोलायचं? नास्तिक आहोत हे सांगायचं की लपवायचं?

सांगायचं, पण ते पहिलं वाक्य नसावं. आधी नाव, गाव, काय करता. मराठवाड्यात 'कोणत्या गावचे?' हा प्रश्न येतोच आणि तिसऱ्या मिनिटाला सोयरीक निघते.

आमची पहिली भेट एका जुन्या मोहल्ल्यातल्या मौलानांशी झाली. पाण्याच्या वहीमुळे तोंडओळख होती (प्रश्न ४). त्यांनी खोलीतली एकुलती एक खुर्ची मला दिली, स्वतः तक्क्याला टेकून खाली बसले. मीही खाली बसलो. चहा आला. मी सांगितलं की मी कोणताच देव मानत नाही. ते थोडा वेळ बशीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "खुदा को नै मानते, तो डरते किसकू?" माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. म्हटलं, गल्लीत उद्या तोंड दाखवायचं असतं. ते एवढे हसले की चहा सांडला. "हमारे मोहल्ले में बी आधे लोगां उसीच से डरते." त्यानंतर दीड तास बोलणं झालं, त्यातलं बहुतेक त्यांच्या मुलाच्या नोकरीबद्दल.

काही बारीक गोष्टी. दुसऱ्याच्या ठिकाणी तिथली रीत पाळा. नांदेडला सचखंडात डोकं झाकून, पाय धुऊन जायचं. त्यात तुमची नास्तिकता कुठं बाटत नाही. लंगरला पंगतीत बसा आणि जमल्यास भांडी घासायला थांबा, खऱ्या गप्पा तिथं होतात. आमच्या एका सभासदाला तिथल्या एका सेवेकऱ्यानंच सांगितलं की ग्रंथसाहिबात तुमच्या नामदेवांची ६१ पदं आहेत. त्यानं मान खाली घातली, कारण नरसी त्याच्या गावापासून वीस किलोमीटरवर आणि त्याला हे ठाऊक नव्हतं.

१०. प्रसाद दिला तर घ्यायचा का? अंगारा? उरुसातली न्याज?

खायची वस्तू असेल तर खायची. शिरा हा शिरा असतो. अंगारा 'नको काकू' म्हणून हसून नाकारता येतो. तीर्थाचं पाणी कुठलं ते बघून ठरवा, हे आमच्यातल्या डॉक्टरांचं मत.

११. आरतीला उभं राहायचं की नाही? टाळ्या वाजवल्या तर ढोंग होतं का?

उभं राहणं हा त्या लोकांचा मान आहे, तेवढा ठेवा. टाळ्यांबाबत आमच्यात आजही दोन पक्ष आहेत. मी वाजवत नाही; माझा मित्र वाजवतो आणि म्हणतो की ताल चांगला आहे. पण गणेश मंडळानं अध्यक्ष व्हा म्हटलं आणि तुम्ही पूजेला बसलात, तर ते बरोबर नाही. तुमच्यापेक्षा त्या भाविकांवर तो अन्याय. स्पष्ट सांगा: वर्गणीचा हिशेब लिहून देतो, पूजेला दुसरा बघा. आजवर एकाही मंडळानं हिशेबनीस नाकारला नाही.

१२. वडील गेले. दहावा-तेरावा केला नाही तर भावकी तोडेल. काय करू?

सगळ्यात जास्त फोन याचे येतात, आणि बहुतेक स्मशानातून परतल्या रात्रीच.

माझंच सांगतो. वडील गेले तेव्हा मी डोकं केलं नाही. धाकट्यानं केलं. दहाव्याला नदीवर सगळे जमले, पिंड मांडला, कावळा येईना. पाऊण तास. आत्या रडायला लागली की थोरल्यानं काही केलं नाही म्हणून दादा अडकलाय. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी कावळ्याच्या खाण्याच्या सवयींवर व्याख्यान देता आलं असतं. मी आत्याजवळ जाऊन बसलो आणि म्हणालो, दादांची विहिरीवरची मोटर मी दुरुस्त करून घेतो, धाकट्याच्या पोरीचं शिक्षण मी बघतो. हे मी मोठ्यानं, सगळ्यांसमोर बोललो. कावळा आला की नाही? थोड्या वेळानं आला. कुत्रंही आलं. आत्या मात्र त्याआधीच शांत झाली होती.

तेव्हा सल्ला असा: जे तुम्ही करणार नाही ते आधी, घरात, शांतपणे सांगा, ऐन वेळी नदीवर नको. भावाला करायचं असेल तर करू द्या, खर्चाचा अर्धा वाटा द्या. आणि आपल्याकडून काहीतरी ठेवाच. रिकामी जागा ठेवलीत की लोकांना ती आईबापाविषयीची बेपर्वाई वाटते. आम्ही तेराव्याच्या दुपारी तासभर नुसत्या आठवणी सांगायचं ठेवलं. पहिली पंधरा मिनिटं कुणी तोंड उघडलं नाही. मग वडिलांच्या सालगड्यानं सुरुवात केली.

भावकीनं किंवा जातपंचायतीनं खरोखर वाळीत टाकलं, तर सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण रुसून जेवायला न आलेला चुलता या कायद्यात बसत नाही.

१३. देहदान करायचंय. नुसता फॉर्म भरला की झालं?

नाही. वेळेवर फोन घरच्यांनी करायचा असतो आणि त्यांची संमती लागते. त्यांनी नको म्हटलं तर तुमचा फॉर्म कपाटातच राहतो. म्हणून फॉर्मवर सही करायच्या आधी मुलांशी बोला. छत्रपती संभाजीनगर, अंबाजोगाई, नांदेड, लातूर इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे शरीररचना विभाग फोन घेतात. अपघात, आत्महत्या, शवविच्छेदन झालेला देह सहसा घेत नाहीत. डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात, आणि नेत्रदान केलं तरी देहदान करता येतं.

१४. मुलगा हिंदू, मुलगी बौद्ध (किंवा मुसलमान). विधी नको. लग्न कसं लावायचं?

१९५४ चा विशेष विवाह कायदा. मुलगा २१, मुलगी १८ पूर्ण. दोघांपैकी एक तरी त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेला. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस, ती ३० दिवस फलकावर. मग तीन साक्षीदारांसमोर सह्या. नोटिशीनंतर तीन महिन्यांत उरकलं नाही तर पुन्हा नोटीस. अडचण त्या फलकाचीच आहे: नातेवाईक तिथंच वाचतात. घरून धोका असेल तर नोटीस देण्याआधी वकील गाठा.

लोकांच्या लक्षात न येणारी बाब वारशाची. दोघंही हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांपैकी असतील तर या लग्नानं वारशाचा कायदा बदलत नाही. एक जण मुसलमान किंवा ख्रिस्ती असेल तर भारतीय वारसा कायदा लागू होतो, आणि हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन जोडीदाराचं एकत्र कुटुंबाशी नातं कायद्यानं तुटल्यासारखं धरलं जातं. शेतजमीन सामाईक असेल तर हे आधी समजून घ्या.

१५. दाखल्यावर धर्म 'नाही' असं लिहिता येतं का? आरक्षण जाईल का?

सप्टेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की कुणालाही धर्म जाहीर करायची सक्ती सरकार करू शकत नाही आणि 'मी कोणत्याच धर्माचा नाही' असं म्हणायचा हक्क आहे. फॉर्म घेणाऱ्या कारकुनाला हे माहीत असेल असं गृहीत धरू नका.

आरक्षणाचं मात्र जपून. १९५० च्या आदेशानुसार हिंदू, शीख किंवा बौद्ध यांखेरीज दुसरा धर्म मानणारा अनुसूचित जातीत धरला जात नाही. कोणताच धर्म न मानणाऱ्याबद्दल त्यात शब्द नाही, आणि अशा मोकळ्या जागेत जात पडताळणीची फाईल कशी अडकते ते मराठवाड्यात सांगायला नको. अनुसूचित जमातींना धर्माची अट नाही. आम्ही मुलांना सांगतो: दाखला आहे तसा राहू दे. जात आम्हीही मानत नाही, पण जात आम्हाला मानते. मराठवाडा विद्यापीठाच्या फलकावर बाबासाहेबांचं नाव यायला १९७८ च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. ज्यांची घरं त्या नामांतराच्या वादात जळली, त्यांना निधर्मी व्हा म्हणजे सगळं संपेल असं सांगणं उद्धटपणाचं आहे.

१६. तुम्ही फक्त एकाच धर्मावर का बोलता?

हिंदू वाचक 'त्यांच्यावर बोला की' म्हणतात, मुसलमान वाचक 'सारखं आमच्यावरच' म्हणतात. आमचा नियम: ज्या घरात वाढलो तिथली झाडलोट आधी. मुसलमान स्त्रियांच्या तलाकावर हमीद दलवाई बोलले, १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, त्यासाठी शिव्या खाल्ल्या. ते घरातलं माणूस होतं. तेच वाक्य हातात दगड घेतलेल्या जमावातून आलं की त्याचा अर्थ बदलतो.

१७. भावना दुखावल्याची तक्रार झाली तर?

जाणूनबुजून, दुष्ट हेतूनं धर्माचा अपमान केला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९९ लागतं, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. टीका आणि हेटाळणी यांतली रेघ कोर्टात ठरते, आणि तोवर फेऱ्या तुमच्याच. म्हणून बैठकीतलं बोलणं रेकॉर्ड करायचं नाही, कापलेली क्लिप पाठवायची नाही, रात्री दहानंतर ग्रुपवर धर्म नाही. गावात तणाव असेल त्या आठवड्यात आम्ही बैठक रद्द करत नाही. विषय बदलतो आणि प्रश्न ९ मधल्या मौलानांना आणि हरिपाठ म्हणणाऱ्या एका अण्णांना चहाला बोलावतो. चौकात दोघं एका टपरीवर दिसले तरी पुष्कळ असतं.

१८. आमच्या गावात असा मी एकटाच आहे. काय करू?

घोषणा करू नका. महिनाभर फक्त ऐका. तेराव्याला जेवताना कुरकुरणारा, नवसाच्या कोंबड्यावर विनोद करणारा, वाचनालयातून नेहमीच तीच जाड पुस्तकं नेणारा, असा एखादा असतो. त्याच्याशी पिकाबद्दल बोला, बाकीचं निघेल. आमच्याकडे एक गृहस्थ सोनपेठ तालुक्यातून दोन गाड्या बदलून येतात. पहिली तीन वर्षं ते एक शब्द बोलले नाहीत. घरी सांगून यायचे की दवाखान्यात चाललोय. मागच्या पावसाळ्यात एकदा त्यांच्यासोबत त्यांचा शेजारी आला, कपाळाला बुक्का, गळ्यात माळ. म्हणाला, हे दर महिन्याला कुठं जातात ते बघायला आलो. सव्वासहाला त्यानंच सगळ्यांना उठवलं, एसटी चुकेल म्हणून.